द्राक्षबागेतल्या हवामान पेट्या आणि नँड फ्लॅश: वाचताना चूक आली तर ड्रायव्हरने काय करायचं?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. द्राक्षबागांसाठी हवामान नोंदणाऱ्या पेट्या बनवतो. तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानांवरचा ओलावा, एवढं त्या नोंदतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीची (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाची) फवारणी आज घ्यायची की उद्यावर ढकलायची, हे बागायतदार पान किती तास ओलं राहिलं त्यावर ठरवतात. त्यामुळे नोंद गेली की एक तर औषध वाया जातं, नाहीतर घड जातात.

पेटीत लिनक्स आहे. नोंदी साठवायला १ गिगाबिटची नँड फ्लॅश चिप: एसएलसी (एका सेलमध्ये एकच बिट), एसपीआय तारांवर बोलणारी, आणि ईसीसी (उलटलेले बिट शोधून दुरुस्त करायची सोय) चिपच्या आतच, दर ५१२ बाइटला ८ बिट दुरुस्त करणारी. वर यूबीआय (नँडचे ब्लॉक सांभाळणारा लिनक्सचा थर) आणि त्यावर यूबीआयएफएस ही फाईल सिस्टीम.

जत आणि कवठेमहांकाळ भागात उन्हाळा काढलेल्या काही पेट्या आता बूट होत नाहीत. मे महिन्यात तिकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि पत्र्याच्या पेटीच्या आत त्याहून बराच जास्त. सीरियल केबल लावून बघितलं तर फाईल सिस्टीम माउंट होताना (जोडली जाताना) शेवटची तक्रार अशी येते: नोडचा प्रकार चुकीचा, मिळाला २५५, हवा होता ९. आधीच्या लॉगमध्ये वाचनाची चूक -५ दिसते. चिप बदलली की पेटी चालू. चिप विकणारे म्हणतात चिप ठीक आहे, ड्रायव्हर बघा. ड्रायव्हर बोर्डासोबत मिळालेल्या सॉफ्टवेअर संचातला (एसडीके) आहे आणि तिकडून उत्तर येत नाही.

वाचताना चूक आली तर ड्रायव्हरकडून नेमकी अपेक्षा काय असते? दरवर्षी चिपा बदलत बसणं आम्हाला परवडणारं नाही, आणि ज्याच्या बागेत पेटी आहे त्याला तर नाहीच.

अजिंक्यतारा

२५५ हा आकडा फार महत्त्वाचा आहे. २५५ म्हणजे आठही बिट १, म्हणजे कोरी जागा. नोड म्हणजे यूबीआयएफएस लिहितं तो माहितीचा एकेक गठ्ठा. नुसते बिट बिघडले असते तर नोडचा सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, जुळला नाही अशी तक्रार आली असती. इथे यूबीआयएफएसला इंडेक्स नोड हवा होता, ज्याचा प्रकार ९ असतो, आणि त्या ठिकाणी काहीच लिहिलेलं नाही असं त्याला कळलं. यूबीआयमध्ये एखादा लॉजिकल ब्लॉक (यूबीआयच्या हिशेबातला) कुठल्याच फिजिकल ब्लॉकला (चिपवरच्या, एकदम पुसल्या जाणाऱ्या भागाला) जोडलेला नसेल तर वाचणाऱ्याला सगळीकडे एफएफ (हेक्समधले २५५) मिळतो. म्हणजे तुमचा ब्लॉक यादीतूनच गेलाय. कुणीतरी त्याच्यावर बॅड ब्लॉकची, म्हणजे हा खराब आहे, वापरू नका अशी, खूण मारली असावी.

बॅड ब्लॉक किती दिसतात ते बघा. आणि ड्रायव्हरमध्ये पेज (ब्लॉकमधला एका वेळी वाचायचा भाग) वाचणारं फंक्शन काय करतं ते इथे लिहा.

कुपवाडकर

अगदी तसंच निघालं. नवीन चिपवर बॅड ब्लॉक एखाद-दुसरा असतो. या पेट्यांवर १०२४ पैकी तीसच्या वर दिसतायत.

फंक्शन असं आहे: पेज चिपच्या कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) आणायचं, स्टेटस रजिस्टर वाचायचं. त्यातले ईसीसीचे दोन बिट ०० किंवा ०१ असतील तर डेटा कॉपी करून शून्य परत. १० असेल तर त्या ब्लॉकच्या पहिल्या पेजच्या स्पेअर एरियात (डेटाशेजारच्या जादा बाइटांत) पहिल्या बाइटवर ०० लिहायचं आणि डेटा न देता -५ परत.

हरभट_रोड

तुमच्या पेट्यांचं दुखणं या चार ओळींतच आहे. एक एक करून बघू.

आधी ०१ ची गोष्ट. ०१ म्हणजे बिट उलटले होते आणि चिपने ते दुरुस्त करून दिले. ड्रायव्हरने इथे शून्य परत केलं, म्हणजे वरच्या थरांना "सगळं उत्तम" असं सांगितलं. लिनक्सच्या एमटीडीमध्ये (फ्लॅश हाताळणाऱ्या थरात) रीत वेगळी आहे. पेज वाचणाऱ्या फंक्शनने किती बिट दुरुस्त झाले तो आकडा परत द्यायचा. एमटीडी तो आकडा उंबरठ्याशी ताडून बघतं. हा उंबरठा मुळात ईसीसीच्या क्षमतेच्या तीन चतुर्थांश असतो, ८ बिटांच्या ईसीसीला ६. तिथे पोचलं की वरती -११७, म्हणजे ईयूक्लीन जातं. अर्थ असा की डेटा बरोबर आहे पण आता हलवा. ते ऐकून यूबीआय तो ब्लॉक स्क्रबिंगच्या रांगेत टाकतं, डेटा दुसऱ्या ब्लॉकवर नेतं आणि जुना पुसून परत वापरात घेतं. प्रत्येक सेलमध्ये बिट विद्युतभाराच्या, म्हणजे चार्जच्या, रूपात साठतो; पुसून नव्याने लिहिलं की गळालेला चार्ज पुन्हा भरला जातो, सेल ताज्या होतात.

तुमच्या पेटीत हे एकदाही घडलेलं नाही. उन्हाने पत्रा तापला, चार्ज हळूहळू गळत गेला, उलटलेले बिट २, ४, ६, ८ असे वाढत गेले, आणि प्रत्येक वाचनाला ड्रायव्हर शून्य सांगत राहिला. नवव्या बिटाला चिपने हात टेकले. तोपर्यंत सावध व्हायला भरपूर वेळ होता, तो सगळा फुकट गेला.

आता १०. इथे ड्रायव्हरने ब्लॉकवर खूण मारली, आणि मला खरा राग या ओळीचा येतो. वाचता आलं नाही म्हणजे ब्लॉक मेला असं होत नाही. चार्ज गळालेला ब्लॉक पुसून लिहिला की बहुतेक वेळा निरोगी असतो. एसएलसीचा ब्लॉक साधारण १ लाख वेळा पुसता येईल अशा हिशेबाने बनवलेला असतो. ब्लॉक खराब ठरवायचा तो पुसणं किंवा लिहिणं फसल्यावर, आणि तेही तपासून. यूबीआय कसं करतं बघा: लिहिताना चूक आली तर डेटा आधी दुसरीकडे हलवतं, मग त्या संशयित ब्लॉकची टॉर्चर चाचणी घेतं. पुसायचं, ए५ लिहून वाचायचं, पुन्हा पुसून ५ए, पुन्हा ००. त्यात नापास झाला तरच खूण. हा निर्णय घ्यायला लागणारी माहिती यूबीआयकडे असते. ड्रायव्हरला त्या ब्लॉकमध्ये काय आहे हेसुद्धा ठाऊक नसतं.

आणि खूण मारल्यावर पुढच्या बूटला यूबीआय त्या ब्लॉकचं हेडर वाचतच नाही, बॅड म्हणून ओलांडून जातं. त्यातल्या ६४ पेजपैकी एकाच पेजवर चूक असली तरी बाकीची ६३ चांगली पेजं त्याच्यासोबत गेली. तुमचा २५५ तिथून आला. शिवाय यूबीआय बॅड ब्लॉकसाठी १०२४ मागे २० ब्लॉक राखीव धरतं, कारण अशा चिपच्या डेटाशीटमध्ये किमान १००४ चांगले ब्लॉक असण्याची हमी असते. तुमचे तीसच्या वर गेलेत, म्हणजे राखीव साठा संपलेलाच आहे.

राहिली -५ ची गोष्ट. ईसीसीने हात टेकले तर -७४ द्यायचं, म्हणजे ईबॅडएमएसजी, आणि डेटा जसा असेल तसा पूर्ण द्यायचा. -५ म्हणजे ईआयओ फक्त चिपशी बोलणंच झालं नाही, टाइमआउट झाला, अशा वेळी. हा फरक कागदी नाही. यूबीआयएफएस नोड वाचताना -७४ आलं तरी थांबत नाही, हातात आलेल्या डेटाचा सीआरसी स्वतः तपासतं. २०४८ बाइटच्या पेजमध्ये ईसीसीचे चार तुकडे असतात. बिघाड तिसऱ्या तुकड्यात आणि नोड पहिल्या तुकड्यात असेल तर नोड शाबूत आहे, माउंट होऊन जातं. -५ आलं की मात्र ते तिथेच सोडून देतं. उलट बाजूने, पूर्ण डेटा न देता -७४ परत करणारे ड्रायव्हरही असतात. यूबीआयच्या कोडमध्ये अशांसाठी खास तपासणी ठेवलेली आहे, ते त्याचं -५ करून टाकतं.

वारणाकाठ

ताई, लई बारकाईनं सांगितलंत. मी इस्लामपूरला शिकतोय, शेवटच्या वर्षाला. एक शंका आहे. चूक आली की ड्रायव्हरनंच तेच पेज पुन्हा पुन्हा वाचून बघितलं तर? कधीतरी बरोबर येईलच की.

हरभट_रोड

येईलही. व्होल्टेजच्या सीमेवर असलेली सेल एकदा ० वाचली जाते, एकदा १. पण त्यासाठी ड्रायव्हरमध्ये फेऱ्या घालायची गरज नाही, वाचन फसलं तर यूबीआय स्वतः ३ वेळा पुन्हा प्रयत्न करतं.

खऱ्या अर्थाने रीड रिट्राय म्हणजे चिपला वाचनाचा संदर्भ-व्होल्टेज बदलायला सांगणं. चार्ज गळून सगळ्या सेल एका बाजूला सरकल्या असतील तर मोजायची रेघही तिकडे सरकवायची. ही सोय जास्त करून एमएलसी, टीएलसी (एका सेलमध्ये एकाहून जास्त बिट साठवणाऱ्या) चिपमध्ये असते. लिनक्सच्या पॅरलल नँड कोडमध्ये ती आहे आणि ती वाचताना दोन गोष्टी मुद्दाम बघ. प्रत्येक नव्या प्रयत्नाआधी चुकांचे आकडे पूर्ववत केले जातात, नाहीतर यशस्वी झालेलं वाचनही आकडेवारीत अपयश म्हणून राहतं. आणि काम झालं की चिप पुन्हा शून्याच्या पायरीवर आणली जाते. ते राहून गेलं तर पुढची सगळी चांगली पेजं चुकीच्या रेघेने मोजली जातील.

माझं मत असं की रिट्रायने वाचलेल्या पेजला ड्रायव्हरने कधीही "शून्य दुरुस्त्या" म्हणू नये. ते पेज आत्ता निसटता निसटता सापडलंय, त्याला हलवायलाच हवं.

अजिंक्यतारा

वारणाकाठ, पुन्हा वाचण्याचा एक उपयोग निदानासाठी मात्र फार चांगला आहे आणि एसपीआय नँडमध्ये तो विशेष लागू पडतो. या चिपमध्ये वाचन दोन टप्प्यांत होतं. १३ या हेक्स कमांडने पेज आतल्या सेलमधून कॅशेत येतं, तिथे ईसीसी चालतं. मग ०३ किंवा ०बी कमांडने कॅशेतून तारेवरून आपल्याकडे. म्हणजे तारेवर बिट बिघडला तर चिपच्या ईसीसीला त्याचा पत्ताच नसतो, स्टेटस ०० च येणार.

त्यामुळे पेज एकदाच कॅशेत आणा आणि तीच कॅशे परत परत वाचा. उत्तर दर वेळी वेगळं आलं तर दोष तारेत, क्लॉकच्या वेगात किंवा पॉवर सप्लायमध्ये. कॅशे तशीच येते पण १३ पुन्हा दिल्यावर बदलते, तर सेल सीमेवर आहेत. कितीही वेळा काहीही केलं तरी तेच ठराविक बिट चुकीचे, तर चार्ज पक्का सरकलाय.

कुपवाडकरांच्या बाबतीत तार निर्दोष वाटते, कारण चिप स्वतःच १० सांगतेय. तरी एकदा करून बघा.

कुपवाडकर

ताई, दादा, मनापासून आभार. कॅशेची चाचणी घेतली, तार स्वच्छ आहे.

ड्रायव्हर बदलला. खूण मारणारी ओळ काढली, १० ला पूर्ण डेटा आणि -७४. ०१ ला किती बिट ते या चिपच्या स्टेटसमध्ये कळत नाही, म्हणून मूळ कर्नलमधल्या एसपीआय नँडच्या कोडप्रमाणे पूर्ण क्षमता म्हणजे ८ परत करतोय. आता स्क्रबिंग होतंय, पण जरा जास्तच होतंय असं वाटतं. एक बिट उलटला तरी ब्लॉक हलतो. यात चिप लवकर झिजणार नाही का?

हरभट_रोड

मूळ कोडचा तो निर्णय मला पटतो. आकडा माहीत नसेल तर वाईटात वाईट धरायचं. कमी सांगून डेटा घालवण्यापेक्षा जास्त सांगून एखादं पुसणं खर्च झालेलं बरं, आणि एसएलसीला १ लाखाचा हिशेब असताना हा खर्च पेलतो.

पण चिपच्या डेटाशीटमध्ये नीट शोधा. अनेक चिपमध्ये नेमका आकडा मिळायची सोय असते, फक्त प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मायक्रॉनच्या काही एसपीआय नँडमध्ये स्टेटसचे तीन बिट असतात आणि त्यांतून १ ते ३, ४ ते ६, ७ ते ८ असे गट कळतात. तिथे ड्रायव्हर गटातला मोठा आकडा परत देतो: ३, ६ किंवा ८. उंबरठा ६ असल्यामुळे पहिला गट शांतपणे जातो आणि दुसऱ्यापासून स्क्रबिंग सुरू होतं. काही चिपमध्ये वेगळं रजिस्टर किंवा वेगळी कमांड असते. तुमच्या चिपमध्ये असं काही असेल तर ते वाचायचं फंक्शन वीस-पंचवीस ओळींचं काम आहे.

आणखी एक. आकडा परत देताना बेरीज करू नका. पेजमध्ये चार तुकडे असतील आणि प्रत्येकात २ बिट दुरुस्त झाले असतील तर परत द्यायचा आकडा २, कारण प्रत्येक तुकड्याची ८ ची क्षमता स्वतंत्र आहे. बेरीज ८ केलीत तर धडधाकट पेज मरणपंथाला लागलंय असं दिसेल. एकूण दुरुस्त्यांची बेरीज आकडेवारीच्या मोजणीत जाते, ती वेगळी.

चाळकेवाडी_पठार

धागा वाचत होतो, राहवलं नाही. आम्ही चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या नोंदणी यंत्रांची देखभाल करतो. आमच्याकडे पॅरलल नँड आहे, ईसीसी कंट्रोलरमध्ये, बीसीएच या पद्धतीचं. आमचं दुखणं कोऱ्या पेजचं होतं आणि ते कुणालाही होऊ शकतं म्हणून लिहितो.

पुसलेल्या पेजवर ईसीसीचे बाइटही एफएफ असतात. बीसीएचमध्ये सगळ्या एफएफ डेटाचा खरा ईसीसी साधारणपणे एफएफ येत नाही, त्यामुळे कोरं पेज कंट्रोलरला पार बिघडलेलं दिसतं. ड्रायव्हर लिहिणारे यावर उपाय करतात: चूक आली तर सगळे बाइट एफएफ आहेत का बघायचं, असतील तर पेज कोरं समजायचं. पण कोऱ्या पेजवरही एखादा बिट उलटून ० होतो. मग तो साधा तपास फसतो, वर -७४ जातं आणि जिथे काही लिहिलेलंच नाही तिथे डेटा गेल्याची बोंब होते.

कर्नलमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे. ते तुकड्यातले आणि त्याच्या ईसीसीतले ० झालेले बिट मोजतं. संख्या ईसीसीच्या क्षमतेच्या आत असेल तर तुकडा एफएफने भरून देतं आणि तेवढे बिटफ्लिप कळवतं. जास्त असेल तर खरीच चूक. कंट्रोलरच्या ड्रायव्हरने फक्त ते बोलवायचं असतं. आमच्यात ते बोलवलेलं नव्हतं.

आणि वीज. पठारावर पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पुसणं अर्धवट असताना वीज गेली तर ब्लॉक वाचायला कोरा दिसतो, पण सेल पक्क्या झालेल्या नसतात. त्यावर लिहिलं की आज बरोबर वाचतं आणि काही दिवसांनी चुका देतं. ही चूक ड्रायव्हरने वाचनात कितीही हुशारी केली तरी पकडता येत नाही. अर्धवट राहिल्याचा संशय असलेला ब्लॉक वापरण्याआधी पुन्हा पुसणं आणि बोर्डावर पुसणं पूर्ण होईल एवढा कपॅसिटर ठेवणं, हे दोनच उपाय आम्हाला लागू पडले. सोलरवरच्या पेट्यांना पहाटे बॅटरी उतरल्यावर हेच होत असणार, तिकडे लक्ष ठेवा.

कुपवाडकर

पठारकर, बॅटरीचं लक्षात आणून दिलंत ते फार बरं केलंत. व्होल्टेज एका पातळीखाली गेलं की लिहिणं थांबवायची अट आता घालतो.

आता मोठा प्रश्न. ज्या पेट्या बंद पडल्यात त्यांतल्या मागच्या हंगामाच्या नोंदी परत मिळतील का? बागायतदार विचारतायत.

अजिंक्यतारा

शक्यता चांगली आहे, आणि कारण थोडं विचित्र आहे. कर्नलच्या नेहमीच्या नँड कोडमध्ये पॅरलल चिपवर बॅडची खूण मारण्याआधी ब्लॉक पुसायचा प्रयत्न होतो. तसं झालं असतं तर डेटा गेलाच होता. तुमच्या ड्रायव्हरने न पुसता थेट स्पेअर एरियात ०० लिहिलंय, म्हणजे पेजचा डेटा जागेवर असणार.

सगळ्यात आधी: यू-बूट या बूटलोडरमधली नँड स्क्रब कमांड अजिबात देऊ नका. नाव सारखं असलं तरी यूबीआयच्या स्क्रबिंगशी तिचा संबंध नाही. ती बॅड ब्लॉकही पुसते, म्हणजे डेटा जाईल आणि कारखान्यातून आलेल्या खऱ्या बॅड ब्लॉकच्या खुणाही जातील. त्या खुणा परत कशानेही मिळत नाहीत.

नँडडंपने बॅड ब्लॉकसकट सगळी चिप उतरवून घ्या, त्याला तसा पर्याय आहे. मग बॅड म्हणवल्या गेलेल्या प्रत्येक ब्लॉकची सुरुवात हेक्समध्ये बघा. पहिले चार बाइट ५५ ४२ ४९ २३ असतील तर ते यूबीआयचं हेडर आहे, म्हणजे हा ब्लॉक कालपर्यंत कामात होता आणि खूण ड्रायव्हरची. पुढच्या हेडरची सुरुवात ५५ ४२ ४९ २१ अशी असते, त्यात हा कुठला लॉजिकल ब्लॉक ते लिहिलेलं असतं. कारखान्यातल्या खऱ्या बॅड ब्लॉकमध्ये यूबीआयचं हेडर असायचं कारण नाही.

मग ती प्रतिमा संगणकावर नँडसिममध्ये (नकली नँड चिप उभी करणाऱ्या मॉड्यूलमध्ये) बॅडच्या खुणांशिवाय भरा आणि यूबीआय जोडून फक्त वाचण्यासाठी माउंट करा. मूळ चिपला हात लावू नका.

कुपवाडकर

५५ ४२ ४९ २३! जवळपास सगळ्या ब्लॉकवर सापडलं. एका पेटीची प्रतिमा माउंट झाली, तासगावच्या एका बागेच्या नोंदी आख्ख्या मिळाल्या. दुसरीत काही फाईल तुटक्या आहेत, पण ओलाव्याच्या नोंदी आहेत. आज संध्याकाळी त्यांना फोन करून सांगतो.

वारणाकाठ

भारी काम झालं! दादा, आता नवीन ड्रायव्हर बरोबर हाय हे तपासायचं कसं? पुढच्या मे महिन्यापर्यंत वाट बघायची व्हय?

हरभट_रोड

वाट कशाला बघायची. एमटीडी-यूटिल्स या साधनसंचात नँडबिटएर्स ही चाचणी आहे. ते एका पेजवर ईसीसी बंद करून मुद्दाम एकेक बिट उलटवत जातं आणि दर वेळी ईसीसीसकट वाचतं. ड्रायव्हर बरोबर असेल तर ८ बिटांपर्यंत दुरुस्त्या दिसतील आणि नवव्याला दुरुस्ती फसल्याचं दिसेल. आधीच शून्य-शून्य येत राहिलं तर आकडा कुठेतरी गिळला जातोय. एक अट आहे: ड्रायव्हरला ईसीसी बंद करून लिहिता-वाचता यायला हवं, एसपीआय नँडमध्ये बी० रजिस्टरमधला ईसीसीचा बिट बंद करून. चाचणी रिकाम्या पार्टिशनवरच घ्या, डेटा उडतो.

कुपवाडकर, एक काम अजून बाकी आहे. यूबीआयला बिटफ्लिप कळतो तो वाचल्यावरच. वर्षभर कुणी न उघडलेली फाईल तापत्या पेटीत तशीच गळत राहते. महिन्यातून एकदा रात्री यूबीआयचा सगळा व्हॉल्यूम वाचून टाकून द्यायचं काम क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीत) लावा. बूटलोडर आणि कर्नलची पार्टिशनं यूबीआयच्या बाहेर असतील तर त्यांना स्क्रबिंग नाही. तिथे दुरुस्त बिटांचा आकडा चढताना दिसला तर दुसऱ्या प्रतीवरून तुमच्या स्क्रिप्टने स्वतः पुन्हा लिहायचं, आणि दोन्ही प्रती एकाच वेळी कधी पुसायच्या नाहीत. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाईलींत) प्रत्येक पार्टिशनखाली दुरुस्त बिटांचा, न सुटलेल्या चुकांचा आणि बॅड ब्लॉकचा आकडा मिळतो. हवामानाच्या नोंदींबरोबर तेही तीन आकडे रोज सर्व्हरवर पाठवा. जतच्या पेटीचा पहिला आकडा मार्चपासून चढायला लागला तर मेच्या आधी जाऊन पेटी सावलीच्या बाजूला हलवता येईल.

कुपवाडकर

तिन्ही आकडे आजच्या फर्मवेअरमध्ये घातले. पॅच नीट करून इथेच टाकतो, म्हणजे हाच बोर्ड वापरणाऱ्या दुसऱ्या कुणाला शोधत बसायला नको. चिपच्या डेटाशीटमध्ये बिटांचा आकडा देणारं रजिस्टर सापडलंय, तो भाग त्याच पॅचमध्ये येईल.